उंदराने सांगितलेले आणि आपण न ऐकलेले

काही महिन्यांपूर्वी एका नवजात बालकाचे आजोबा माझ्यासमोर हात जोडून उभे होते. बाळ अवघे पाच दिवसांचे. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला, म्हणजे ज्याला आपण सेप्सिस म्हणतो तो. "डॉक्टरसाहेब, ते इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन लिहून द्या. महाग आहे हे ठाऊक आहे, पण पैशांचं आम्ही बघतो." हे नाव त्यांना कुणीतरी सुचविले होते. मी नकार दिला आणि तो त्यांना निष्ठुरपणाचा वाटला असावा. नकारामागचे कारण त्या रात्री मला नीट सांगता आले नाही. ते आज या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो. त्याची सुरुवात मात्र प्रयोगशाळेतल्या उंदरापासून करावी लागेल.

१९४० हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. मे महिन्यात ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची मारक मात्रा टोचली आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेनिसिलिन न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते, मिळालेले चार जिवंत होते. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतील साहिबसिंग सोखी आणि भा. बा. दीक्षित यांचे प्लेगवरील काम 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. प्लेगची लागण केलेल्या प्राण्यांवर सल्फाथायाझोल गुणकारी ठरते, असे त्यांनी दाखविले होते. हेच दीक्षित पुढे १९५६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. त्या काळी उंदराला विचारलेला प्रश्न सरळ होता : जंतू मारले तर जीव वाचतो का? उंदराने सरळ उत्तर दिले आणि ते माणसाच्या बाबतीतही खरे ठरले.

पुढच्या काळात प्रश्न बदलला. जंतू मेले तरी रुग्ण दगावतो, तेव्हा दोष शरीराच्या अतिरेकी प्रतिक्रियेचा असावा, असा विचार पुढे आला. तो चुकीचा नव्हता. मग जंतूंच्या आवरणातील विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, उंदराला टोचायचे किंवा त्याच्या श्वासनलिकेत सोडून फुप्फुसांना इजा करायची, अथवा त्याच्या आतड्याचा एक भाग बांधून त्याला सुईने छिद्रे पाडायची, अशा पद्धती रूढ झाल्या. त्यांवर प्रतिक्रिया शमविणारी अनेक औषधे तपासली गेली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात बॅबून माकडांना जंतू टोचण्याच्या दोन तास आधी प्रतिपिंडे दिली होती आणि ती माकडे वाचली. पण कोणता रुग्ण आजारी पडण्याच्या दोन तास आधी आपल्या दवाखान्यात येतो?

माझ्या मते याहून मोठी उणीव वेगळीच होती. यांपैकी अनेक प्रयोगांत प्राण्याला प्रतिजैविक दिलेलेच नसे. नुसते विष टोचले तर प्रतिजैविकाला तेथे काही कामच उरत नाही, आणि जिवंत जंतू असूनही ते दिले नाही तर तो आजार आपल्या वॉर्डातला राहत नाही. आपला प्रत्येक रुग्ण प्रतिजैविकावर असतो. नव्या औषधाने प्रतिजैविकाच्या जोडीला काय अधिक साधते, हाच आपल्या कामाचा प्रश्न. जंतू हटविण्यास थोडीफार मदत करणारे कोणतेही द्रव्य, प्रतिजैविक नसलेल्या उंदरात संजीवनीसारखे भासू शकते. उलट, प्रतिक्रिया दडपणारे औषध विषाच्या प्रयोगात तारक ठरेल आणि जिवंत जंतूंपुढे घातक. फुप्फुसांच्या बाबतीतही हेच : विषाने सुजलेले फुप्फुस आणि न्यूमोनियाचे फुप्फुस क्ष-किरणात सारखे दिसले तरी एक नव्हेत.

प्रतिजैविक दिलेल्या उंदराने काय सांगितले, तेही पाहू. कॅनडातील आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जंतूंचा संसर्ग केलेल्या उंदरांना वेगवेगळ्या वेळी प्रतिजैविक सुरू केले. बारा तासांपर्यंत सुरू केले तर मृत्यू वीस टक्के किंवा त्याहून कमी, पंधरा तासांनंतर सुरू केले तर पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक. त्याच वर्षी, २००६ मध्ये, त्यांनी सेप्टिक शॉकच्या प्रौढ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीतही पहिल्या सहा तासांत विलंबाच्या प्रत्येक तासागणिक जगण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेले आढळले. येथे उंदीर आणि माणूस एकच गोष्ट सांगत होते.

आणि गडचिरोलीने ती आधीच सांगितली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी बाळाच्या घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्साझोल देण्याची व्यवस्था केली. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधील त्यांच्या निबंधानुसार नवजात सेप्सिसमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. दोन जुनी, स्वस्त औषधे, पण वेळेवर आणि सजग हातांनी दिलेली.

आता इम्युनोग्लोब्युलिन. प्राण्यांवरील प्रयोगांनी त्याविषयी मोठी आशा लावली होती. मी स्वतः अनेक वर्षे त्याची चिठ्ठी लिहीत होतो. एका कुटुंबाने त्यासाठी घरातल्या पाटल्या मोडल्या होत्या, हे मला नंतर कळले. २०११ मध्ये नऊ देशांतील ३४९३ नवजात बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. सर्व बाळांना प्रतिजैविके चालू होती. दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांचे प्रमाण इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्या गटात ३९ टक्के, न मिळालेल्या गटातही ३९ टक्के. त्या पाटल्यांचे मोल मी आजही विसरलेलो नाही.

याचा अर्थ प्राण्यांवरील प्रयोग व्यर्थ, असा मुळीच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांना तारणारे सरफॅक्टंट सशांच्या पिल्लांवरील प्रयोगांतूनच आले. प्रश्न नीट विचारावा, एवढेच म्हणणे आहे. शास्त्रज्ञांनाही हे उमगले आहे. व्हिएन्ना येथील बैठकीतून निघालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत, माणसासाठीचे औषध तपासताना प्राण्याला प्रतिजैविक, सलाइन आणि वेदनाशामकही द्यावे, असा आग्रह आहे. तेव्हा एखादा प्रतिनिधी चकचकीत पत्रक पुढे करील, तर आपण विचारावे : प्राण्याला प्रतिजैविक दिले होते का? नवे औषध लागणीच्या आधी दिले की नंतर? प्राणी तान्हा होता की प्रौढ?

उंदराचा दोष दाखविताना आपला दोष झाकता कामा नये. उंदराला प्रतिजैविक मिळत नव्हते, आपल्या बाळांना ते वाटेल तेव्हा आणि वाटेल तसे मिळते. ग्वाल्हेरला आसपासच्या गावांतून येणारी कितीतरी बाळे दोन-तीन प्रतिजैविके घेऊनच पोचतात. मग रक्ताच्या तपासणीत जंतू वाढत नाहीत आणि आपण अंधारात आणखी भारी औषध देतो. त्याची परिणती दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. तेथील बाळांत आढळलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. परळ आणि ऑक्सफर्डच्या उंदरांनी जे दान आपल्या पदरात टाकले, ते आपणच उधळीत आहोत.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती की, पहिल्या मात्रेपूर्वी रक्त कल्चरसाठी घ्यावे. त्याला काही मिनिटे लागतात, तेवढ्यासाठी औषध खोळंबत नाही. कल्चर निरंक आले आणि बाळ सुधारले, तर दोन दिवसांत औषध थांबविण्याचे धैर्य दाखवावे. समाजबांधवांना विनंती की, बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले किंवा गार लागू लागले, तर सकाळची वाट न पाहता निघावे आणि आधी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. उरलेले औषध घरच्या घरी पाजू नये.

ते पाच दिवसांचे बाळ पुढे बरे होऊन घरी गेले. त्यावरून मी काहीच सिद्ध करू पाहत नाही. एका बाळावरून काही सिद्ध होत नसते. आजोबांना मात्र त्या रात्री न दिलेले उत्तर द्यायचे राहिले होते, ते येथे दिले.