देवक निवडायचं नसतं

शहरात हल्ली माणसांना प्राणी सापडायला लागलेत. रानात नव्हे, मनात. दोन दिवसांचं शिबिर असतं. शहरापासून तासाभरावर कुणाचं तरी शेतघर असतं. तिथं सगळ्यांनी सतरंजीवर डोळे मिटून पडायचं, एकानं डफासारखं काहीतरी संथ वाजवत राहायचं, आणि मिटल्या डोळ्यांपुढं जो प्राणी पहिल्यांदा येईल तो तुमचा. तुमच्या आत्म्याचा सोबती. तुमचा स्वभाव, तुमची ताकद, तुमची पुढची वाट, सगळं त्याच्यात. मग त्या प्राण्याचं लॉकेट मिळतं, त्याचे गुण सांगणारा छापील कागद मिळतो आणि भरलेल्या फीची पावतीही मिळते.

माझी भाची अशा एका शिबिराला जाऊन आली. पोरगी गुणाची. कंपनीत आहे, पगार बरा आहे, झोप नाही. दिवाळीला आली तेव्हा गळ्यात लांडगा होता.

"मामा, माझा टोटेम लांडगा आहे. एकटं राहायची ताकद."

मी म्हटलं, "बाकीच्यांना काय काय मिळालं?"

तिनं बोटांवर मोजलं. वाघ चौघांना. गरुड तिघांना. हत्ती, घुबड, एकाला डॉल्फिन.

"शेळी कुणालाच नाही आली? गाढव? डुक्कर? निदान तलंग?"

ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. ज्या शेळीच्या दुधावर दुष्काळात आमच्या भागातली पोरं जगली, ज्या गाढवांनी माती आणि विटा वाहून गावंच्या गावं उभी केली, त्यांच्यासारखा आत्मा त्या अख्ख्या शिबिरात एकाचाही निघू नये? यावरून एवढंच कळतं, की तिथं प्राणी कुणी शोधतच नव्हतं. सगळे आरसा शोधत होते, आणि आरशात जरा रुबाबदार दिसावं असं कुणाला वाटत नाही?

आणि लांडगा एकटा राहतो हे त्या कागदावर कुणी छापलं? माळावर मेंढरं राखणाऱ्या कुठल्याही धनगराला विचारा. लांडगा कुटुंबानं राहतो, जोडीनं शिकार करतो, पिल्लांना घरातले सगळे मिळून भरवतात. एकटा फिरणारा लांडगा हा बहुतेक वेळा घर सुटलेला, नवी जागा नि जोडीदार धुंडाळणारा जीव असतो. म्हणजे ज्याचं लॉकेट घातलं, त्याची साधी चौकशीही केलेली नाही.

आता आमच्याकडची गोष्ट सांगतो. आमच्याकडं याला देवक म्हणतात. लग्नाआधी मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणतात नि घरात बसवतात, ते देवक. बहुतेक घराण्यांचं देवक झाडपाल्याचं असतं. कुणाचं कळंब, कुणाचं उंबर, कुणाचं पंचपल्लव, कुणाची वेल. काहींचं मोराचं पीस, काहींचं साळुंकीचं. आमचं साळुंकीचं. तिकडं विदर्भात गोंडांमध्येही कुळाकुळाचं झाड, कुळाकुळाचा प्राणी असतो. टेकाम या आडनावातच साग आहे, कारण गोंडीत सागाला टेका म्हणतात. देवकाचा नियम एका ओळीत मावतो. आपलं देवक मारायचं नाही, खायचं नाही, तोडायचं नाही, जाळायचं नाही. पीससुद्धा खाली पडलेलं उचलायचं, पाखराच्या अंगावरून उपटायचं नाही.

लहानपणी मी आज्जीला विचारलं होतं, "आपण साळुंकीच का धरली? मोर का नाही धरला?"

आज्जी म्हणाली, "देवाक काय आपुन धरतो व्हय रं? त्येनं आपल्याला धरलंय."

या एका वाक्यात शिबिराचा सगळा कागद फाटतो. देवक निवडायचं नसतं. ते तुमच्या स्वभावाशी जुळतं की नाही, हे कुणी विचारत नाही. साळुंकी कलकलाट करणारी, भांडकुदळ, शेणात चोच घालणारी. तिच्यात मिरवावं असं काय आहे? पण ती आपली आहे, म्हणून तिला इजा करायची नाही. एवढंच.

आणि हे फुकटात होत नाही. एका वर्षी आमच्या गोठ्याची मागची भिंत फुगली होती. पावसाआधी उतरवून नव्यानं रचायची होती. दगड येऊन पडले होते, गवंड्याला सांगून झालं होतं. तेवढ्यात भिंतीच्या भोकातून चोचीत किडे घेऊन जा-ये करणारी साळुंकी आज्जीला दिसली. आज्जीनं फर्मान काढलं, "पिल्लं उडंस्तवर भितीला हात लावायचा न्हाय." गवंडी दुसऱ्या कामाला निघून गेला. वळीव झोडपून गेला, मृगही वेळेवर आला. त्या कोपऱ्यातून पाणी शिरलं आणि अर्धी कडब्याची गंजी काळी पडली. दादा चरफडत होते, पण भिंतीला हात त्यांनीही लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागली. आमच्या देवकाची किंमत त्या वर्षी तेवढी होती, आणि आम्ही ती भरली.

शिबिरवाले म्हणतील, तुमचं देवक वेगळं आणि आमचं टोटेम वेगळं. मग त्या शब्दाचंही बघू. टोटेम हा शब्द आला अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या महासरोवरांकाठच्या ओजिब्वे लोकांकडून. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ कुळाशी, नात्याशी बांधलेला आहे. क्रौंच, अस्वल, मासा, मार्टेन नावाचा मुंगसाएवढा प्राणी, अशी त्यांची कुळं. कूळ बापाकडून येतं, आणि एका कुळात लग्न होत नाही. आपल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्यात उपवास करून, एकांतात राहून एकट्या माणसाला लाभणारा रक्षकही असतो, पण तो निराळा. जॉन लाँग नावाच्या एका व्यापाऱ्यानं 1791 साली लंडनला छापलेल्या पुस्तकात हा शब्द इंग्रजीत आणला, आणि आणतानाच कुळाचा प्राणी नि एकट्याचा रक्षक यांची गल्लत करून ठेवली. आजची शिबिरं त्या गल्लतीवर चालली आहेत. तीही अर्धवट, कारण उपवास वगळून फक्त रक्षक घेतलाय.

त्याच ओजिब्वे लोकांनी त्या प्राण्यांचं काय केलं तेही ऐका. सरकार त्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकू पाहत होतं. तेव्हा 1849 साली त्यांचे काही प्रमुख वॉशिंग्टनला अर्ज घेऊन गेले. अर्ज भूर्जाच्या सालीवर चित्रांनी काढलेला होता. पुढं क्रौंच, मागं मार्टेन, अस्वल, मासा, म्हणजे एकेका कुळाचा माणूस. सगळ्यांच्या डोळ्यांपासून आणि काळजापासून क्रौंचाच्या डोळ्याकडं नि काळजाकडं रेषा काढल्या होत्या, आणि क्रौंचाच्या डोळ्यातून एक रेषा त्यांच्या भाताच्या तळ्यांकडं जात होती. आमचं मन एक आहे, आणि ते या तळ्यांवर आहे, असा त्याचा अर्थ. तिथं प्राणी सातबाऱ्यावर उभा होता. इथं तो गळ्यात लोंबकळतोय.

प्राण्यापासून शिकायचंच असेल, तर आपल्याकडं त्याचाही जुना पाठ आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले 24 गुरू सांगतो. नाथांनी ते मराठीत विस्तारानं मांडले आणि गावोगावच्या पारायणांत लोकांनी ते ऐकले. त्यात पशुपक्षी पुष्कळ आहेत. पण त्यातला एकही तुमची पाठ थोपटत नाही. कबुतर पिल्लांच्या मोहानं जाळ्यात पडतं. पतंग रूपाला भुलून जळतो. मासा जिभेपायी गळाला लागतो. हत्ती हत्तिणीच्या नादानं खड्ड्यात जातो, हरिण गाण्याला भुलून मरतं. म्हणजे गुरू तुमचं वर्म दाखवतो. शिबिरातला वाघ मात्र चारही जणांना तुम्ही वाघ आहात एवढंच सांगून गेला.

आता कुणी म्हणेल, गावाकडचे तेवढे शहाणे! तसं मुळीच नाही. आमचंही प्रतीक झपाट्यानं पोकळ होत चाललंय, आणि ते बोललं नाही तर हे सगळं लिहिणं ढोंग ठरेल.

नागपंचमीचं बघा. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, चिरायचं-कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून तर पुरणाचे दिंड उकडून करतात. नांगराखाली नागिणीची पिल्लं मेली, ती कहाणी घराघरांत सांगतात. सणाचा अर्थ सगळा त्या मनाईत आहे. एक दिवस माणसानं आपली अवजारं खाली ठेवायची. पण आम्ही मनाई ठेवली बाजूला आणि नाग पकडून आणला. गारुड्याच्या टोपलीतल्या, दात पाडलेल्या, उपाशी नागापुढं दुधाची वाटी धरली. साप दूध पीत नाही, तो उंदीर-बेडूक खातो, हे शेतकऱ्याला माहीत नाही होय? बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा शेवटी न्यायालयाला थांबवावी लागली, आणि तीही 1972 चा वन्यजीव कायदा दाखवून. जे पंचमीच्या कहाणीनं सांगितलं होतं, ते आम्हाला कलम लावून सांगायची वेळ आली.

बैलाचं तसंच. आषाढात बेंदूर, वर तिकडं श्रावणात पोळा. खांदे मळायचे, शिंगं रंगवायची, पुरणपोळी भरवायची, त्या दिवशी जू खांद्यावर ठेवायचं नाही. आता दारात ट्रॅक्टर उभा आणि पाटावर मातीचे बैल. 2015 साली कायद्यानं गाईबरोबर बैल-वळू कापायलाही बंदी आली. ज्यांना बैल म्हणजे संस्कृतीचं प्रतीक वाटतो, त्यांना आनंद झाला. पण प्रतीकाला वैरण लागत नाही, बैलाला लागते. थकलेल्या बैलाला रोज पेंढी कोण टाकणार, हा प्रश्न दावणीवर होता तिथंच राहिला. बाजारात गिऱ्हाईक नाही म्हणून रातोरात मोकळी सोडलेली जनावरं आमच्या शिवारात फिरतात. पुजणारे पुष्कळ, पाळणारा एकटा.

आणि आमची साळुंकी? आता आमच्या भागात द्राक्षबागा झाल्या. साळुंक्या घडांवर पडतात, नुकसान करतात, हे खरंच आहे. पूर्वी जोंधळ्यात पाखरं राखायचे ते माळ्यावर बसून, गोफण फिरवून, डबा वाजवून. आता बागेवर स्वस्तातली जाळी टाकतात आणि घरी जातात. ढिल्या जाळीत साळुंक्या अडकतात आणि उन्हात लटकून मरतात. ज्यांच्या घरात साळुंकीचं पीस पुजलं जातं, त्यांच्याही बागेत मी हे बघितलंय.

देवकाच्या नावानं आणखीही एक झालंय. एकच देवक म्हणून जुळलेली लग्नं मोडली, पोरापोरींचा छळ झाला. तेवढं तत्परतेनं पाळलं! माणसाला अडवायला देवक लगेच आठवतं आणि पाखराला सोडवायला आठवत नाही. मला ते जुनं जसंच्या तसं परत नको आहे. लग्नाची आडकाठी गेली तर जाऊ दे. न मारण्याचं बंधन तेवढं राहू दे.

भाचीनं मला विचारलं होतं, "मामा, पण मला बरं वाटतं. कुणाचं काय बिघडतं?" प्रश्न खोटा नाही. चार भिंतींत, पडद्यापुढं दिवस काढणाऱ्या माणसाला आपण कुठल्या तरी जिवाशी बांधलेले आहोत असं वाटावं, ही भूक खरी आहे. त्या भुकेला मी हसत नाही. बिघडतं ते असं, की भूक लागली आणि चित्रावर भागवली, तर खऱ्या जिवाकडं बघायची गरजच उरत नाही. लांडगा राहतो माळावर. सरकारी कागदावर त्या माळाला पडीक म्हणतात. त्या पडीकाचे एनए प्लॉट पडतात, शेतघरं होतात, आणि त्यातल्याच एखाद्या शेतघरात शिबिर भरतं. मनातल्या लांडग्याला गुंठाभरही जमीन लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना परवडतो.

तेव्हा ज्याला प्राणी सापडलाय, त्यानं एकच बघावं. त्याच्यासाठी आपण काय सोडलं? लांडगा असेल तर माळावरचा प्लॉट घेण्याआधी थांबा. घुबड असेल तर ढोलीचं झाड वाचवा, आणि सोसायटीत उंदरांचं विष टाकू नका, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडालाही मारतो. काहीच सोडवत नसेल तर लॉकेट जरूर घाला, पण त्याला आत्म्याचा सोबती म्हणू नका.

आणि आमच्या भावकीला सांगणं आहे. येत्या लग्नसराईत पीस आणून पाटावर ठेवाल. त्याआधी बागेत एक चक्कर मारा. जाळी ताणून बांधा, खालून मोकळी लोंबू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ फिरून अडकलेलं पाखरू सोडवा. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढं होत नसेल, तर देवक बसवायला वाजंत्री कशाला सांगता?