शॉक बदलायच्या आधी गाडी आपटून बघा

जुन्या रिमोटच्या गाड्यांचा नाद असलेल्या कुणालाही विचारा, "माझी हॉर्नेट मागून उड्या मारते, काय करू?" उत्तर ठरलेलं. मागचे शॉक फेकून दे, ॲल्युमिनियमचे टाक. आर्म पण ॲल्युमिनियमचे घे. आणि हात लावतोच आहेस तर ब्रशलेस मोटर बसवून टाक ना! म्हणजे पेशंटला बरं करायचं सोडून त्याच्या खाटेवर दुसराच माणूस आणून झोपवायचा. मला हा सल्ला साफ अमान्य आहे, आणि कारण नुसतं जुन्याचं प्रेम हे नाही.

हॉर्नेट ही टामियाची १९८४ची गाडी. (२००४ मध्ये कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली, सस्पेन्शनच्या त्याच जुन्या रचनेसकट.) हिच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन नाहीच मुळी. अख्खा गिअरबॉक्स, त्याला बोल्टने लावलेल्या ५४० मोटरसकट, वर-खाली होतो. म्हणजे जे वजन स्प्रिंगच्या वर हवं, त्यातलं बरंचसं स्प्रिंगच्या खाली लटकलंय. चाक दगडावरून गेलं की मोटरही उसळते, आणि एवढं धूड एकदा वर निघालं की छोटासा शॉक त्याला किती आवरणार? तुम्ही सोन्याचे शॉक लावा, वजनाचं हे गणित बदलत नाही. ज्यांना ते बदललेलं हवं होतं त्यांच्यासाठी त्याच साली अमेरिकेत टीम असोसिएटेडची आरसी१० निघाली होती. चारही चाकं स्वतंत्र, चारही कोपऱ्यांत तेलाचे शॉक, खाली सोनेरी ॲल्युमिनियमचा तळ. तिला हॉर्नेटवर मात करायला ब्रशलेसची गरज नव्हती. आरसी१० हवी असेल तर आरसी१० घ्या की. हॉर्नेटला तिचा मुखवटा कशाला?

मग उड्यांचं काय? कमी होतात. बऱ्याच कमी होतात. पण त्यासाठी आधी गाडीकडे बघावं लागतं, कार्टमध्ये काय टाकायचं ते नंतर.

आधी शॉक आणि स्प्रिंगा काढा आणि मागचा गिअरबॉक्स हाताने उचलून सोडा. आपल्या वजनाने तो अलगद खाली आला पाहिजे. मधेच अडकला तर पिव्हॉटमध्ये माती आहे किंवा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलाय. पुढचे आर्मही असेच तपासा. निम्म्या "सस्पेन्शन खराब" तक्रारी इथेच संपतात असा माझा अंदाज आहे. मग टायर दाबून बघा. वर्षानुवर्षं पडून असलेलं रबर पापडासारखं कडक होतं. ते जमीन धरत नाही आणि बोल लागतो शॉकला.

आता शॉक. जुन्या ओ-रिंग काढून नव्या, सिलिकॉन तेल काठोकाठ, पिस्टन सावकाश वर-खाली आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत धीर. (हा धीर कुणाकडेच नसतो. आत हवा राहिली की एक शॉक मऊ, एक कडक, आणि गाडी प्रत्येक उडीनंतर एका बाजूला पळते.) मग बॅटरीसकट गाडी सपाट फरशीवर वीसेक सेंटिमीटरवरून सोडा. चांगली बसलेली गाडी खाली दबते, वर येते आणि थांबते. दोन-तीनदा नाचली तर तेल पातळ आहे. धप्पकन बसून वर यायला आळस करत असेल तर जाड.

इथे एक लोकप्रिय गैरसमज: जाड तेल म्हणजे भारी शॉक. अजिबात नाही. तेल फार जाड असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक परत लांब व्हायच्या आत पुढचा दणका बसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या खड्ड्याला गाडी जवळजवळ बिनस्प्रिंगची झालेली असते. दुसरा गैरसमज, स्प्रिंगखाली स्पेसर घातले की स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग तीच राहते हो! गाडीची उंची वाढते, बस्स. आणि बाटलीवरच्या "३० वेट"वर फार विसंबू नका. एका कंपनीचं तीस दुसऱ्या कंपनीच्या तिसाशी जुळेलच असं नाही. सेंटिस्टोकचा आकडा छापलेला असेल तर तो बघा.

ॲल्युमिनियमच्या आर्मबद्दल तर मला खरंच राग आहे. मूळ प्लास्टिक आर्म धडकेत वाकतो आणि परत सरळ होतो. ॲल्युमिनियमचा एकतर वाकडाच राहतो, किंवा सगळा दणका पुढे पाठवतो, आर्म जिथे बसतो त्या प्लास्टिकच्या सांगाड्याकडे. दोनशे रुपयांचा भाग वाचवायला चाळीस वर्षांचा सांगाडा तोडायचा, याला अपग्रेड म्हणतात. (ऑफिसातही म्हणतात, पण तो विषय वेगळा :) )

बदल करूच नका असं मी म्हणत नाही. टायर बदला, बुश काढून बॉल बेअरिंग घाला, खुशाल. लिथियम बॅटरी घातलीत तर मात्र लक्षात ठेवा, ती जुन्या सहा सेलच्या निकेल-कॅडमियम पॅकपेक्षा हलकी असते. गाडी उंच उभी राहते, त्याच स्प्रिंगा आता कडक वाटतात आणि आधी जुळवलेलं तेल पुन्हा तपासावं लागतं. किचनच्या काट्यावर दोन्ही बॅटऱ्या ठेवून बघा, म्हणजे एकाच गाडीबद्दल दोन माणसं दोन तेलं का सांगतात ते कळेल.

"एवढं करून ती आजच्या गाडीपुढे टिकणार आहे का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही टिकणार. मागून थोडी उसळणारच, वळणावर नाक बाहेर काढणारच. ती तशीच चालवायची, वळणाआधी थ्रॉटल सोडून. ज्याला हे नको त्याच्यासाठी दुकानात शेकडो नव्या गाड्या आहेत.

आणि हो, ओ-रिंग मोजून मागवू नका, दोन-चार जास्तच घ्या. एक तरी बसवताना उडून सोफ्याखाली जाते.