पोलीस-सेवा आणि आपली मुले

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा निकाल लागला, की रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत चार-आठ दिवस त्याचीच बोलणी चालतात. कुणाचा भाचा जिल्हाधिकारी होणार, कुणाची नात परराष्ट्रखात्यात जाणार, याच्या वार्ता हळदीकुंकवापर्यंत पोचतात. मात्र एखाद्यास भारतीय पोलीस सेवा मिळाली असे कळले, की अभिनंदन करणाऱ्याचा स्वर किंचित बदलतो, असे मी आजवर पाहत आलो आहे. ‘पोलिसात का?’ हा प्रश्न तोंडातून निघाला नाही तरी डोळ्यांत दिसतो. हा प्रश्न कितपत रास्त आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आपली घराणी माळव्यात आली ती होळकरांच्या चाकरीत. कुणी घोड्यावर बसून आले, कुणी रुमाल-दप्तर घेऊन. कमाविसदार त्या काळी महसूलही पाही आणि परगण्याचा बंदोबस्तही राखी. १८१८ साली राजधानी इंदुरास आली, १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि आपण शाळा, बँका, वकिली व इंजिनीअरिंग यांच्या वाटेस लागलो. त्यात गैर काहीच नाही. परंतु बंदोबस्त हे दुसऱ्याचे काम, आपण फक्त त्याचे दोष काढावयाचे, अशी एक सवय मधल्या काळात जडली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीला आपण ठाण्याची पायरीही जोडून टाकली. भल्या घरांतील मुलांनी तिकडे फिरकू नये आणि तेथे भली माणसे मात्र असावीत, या दोन अपेक्षांचा मेळ कसा बसावयाचा?

ही वाट सोपी आहे असे कुणी समजू नये. २०२३ सालच्या परीक्षेस दहा लाखांवर अर्ज आले. प्रत्यक्ष बसले ते सुमारे ५ लाख ९२ हजार. पूर्वपरीक्षेतून मुख्य परीक्षेस १४,६२४ उरले, मुलाखतीस २,८५५ आणि शेवटच्या यादीत १,०१६. पोलीस-सेवेच्या जागा त्यांत २००. मुख्य परीक्षेचे नऊ कागद; त्यांपैकी दोन भाषांचे, केवळ उत्तीर्ण होण्यापुरते. उरलेल्या सातांचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारास ३२ वर्षे आणि संधी सहा. पोलीस-सेवेसाठी उंची व छाती यांची मापे निराळी पाहिली जातात.

येथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. पूर्वपरीक्षा नव्हे, पण मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, मुलाखतही मराठीतून देता येते, आणि मराठी वाङ्मय हा ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. तरीही इंदूरकर मराठी मुले बहुधा हिंदी वा इंग्रजीचाच आश्रय करतात. कारण उघड आहे. घरी ती मराठी बोलतात, पण चार पाने मराठी लिहिण्याची वेळ आली तर लेखणी अडते. गणेशोत्सवातील नाटकाने मराठीचे कर्ज फिटले असे मानणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनी याचा विचार करावा.

निवड झाल्यावर प्रथम मसुरीस सर्व सेवांचे सामाईक शिक्षण होते आणि मग हैदराबादेस सरदार पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत खरी घडण सुरू होते. ही संस्था १९४८ साली अबूच्या पहाडावर निघाली व १९७५ साली हैदराबादेस गेली. तेथे कवायत, घोडेस्वारी व नेमबाजी असतेच. पण कायदा आणि तपासाचे शास्त्र यांना कमी महत्त्व नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आल्याने जुन्या अधिकाऱ्यांनाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

पुढे कोणते राज्य मिळेल हे आपल्या हाती नसते. इंदूरचा मुलगा तामिळनाडूत जाईल, नागालँडात जाईल. तेथील लोकांची भाषा त्याने शिकली पाहिजे आणि तिची परीक्षा दिली पाहिजे, असा दंडक आहे. हे ऐकून पुष्कळ आईबापांचा जीव दडपतो. मला मात्र वाटते, की येथेच आपल्या घरांची शिदोरी कामास यावी. आपल्या पूर्वजांनी दख्खन सोडून माळवी आपलीशी केली, पोहे-जिलबीची न्याहारी आपलीशी केली, आणि तरीही देव्हाऱ्यापुढची आरती मराठीच ठेवली. परमुलखात परके न राहण्याची ही विद्या आपल्याला पिढीजात आहे. फिर्याद घेऊन आलेल्या बाईचे गाऱ्हाणे तिच्या बोलीत ऐकून घेणे, हे पोलीस अधिकाऱ्याच्या कामाचे पहिले अंग आहे.

उदाहरण दूर शोधावयास नको. कामठीस जन्मलेले के. एफ. रुस्तमजी १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलिसांत शिरले. पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षिततेचे काम त्यांनी काही वर्षे पाहिले. १९५८ पासून १९६५ पर्यंत आपल्याच मध्यप्रदेशाच्या पोलीसदलाचे ते प्रमुख होते, आणि चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९६५ साली सीमा सुरक्षा दल उभारले तेही त्यांनीच. परंतु मला त्यांची थोरवी दिसते ती निवृत्तीनंतर. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य या नात्याने त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले. खटलाच न चालता वर्षानुवर्षे कोंडलेल्या माणसांविषयी १९७९ साली त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले. त्या लिखाणावरून सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातून खटला उभा राहिला आणि हजारो कच्च्या कैद्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. माणसे पकडण्यात ज्याचा जन्म गेला, त्यालाच विनाकारण कोंडलेल्यांची कणव आली.

दुसरे उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचे. हेमंत करकरे आणि अशोक कामटे हे दोघे भारतीय पोलीस सेवेतील वरिष्ठ अधिकारी मुंबईत कामी आले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात काठीखेरीज काही नसताना एका हल्लेखोराची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिला. तो हल्लेखोर जिवंत सापडला तो त्यामुळे. २००९ साली तिघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या सन्मानात साहेब आणि शिपाई असा भेद नव्हता, हे प्रत्येक होतकरू साहेबाने मनात कोरून ठेवावे.

या नोकरीची काळी बाजू झाकण्याचे कारण नाही. बदल्यांचे शस्त्र आणि वरून येणारे दडपण यांची तक्रार जुनीच आहे. २००६ साली प्रकाशसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीसप्रमुखापासून ठाणेदारापर्यंत किमान दोन वर्षांच्या मुदतीचा आणि तपास व बंदोबस्त वेगळे करण्याचा आदेश दिला. त्याचे पालन अनेक राज्यांनी रडतखडतच केले. डिसेंबर २०२१ मध्ये इंदूर व भोपाळ येथे पोलीस आयुक्तालये आली आणि पूर्वी दंडाधिकाऱ्याकडे असलेले काही अधिकार पोलिसांकडे गेले. अधिकार वाढला, की तो वापरणाऱ्याच्या संस्कारांचे मोलही वाढते. म्हणूनच ‘तिकडे घाण आहे’ हे तिकडे न जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

तथापि पालकांस एक विनंती आहे. गाडीवरच्या दिव्यासाठी आणि सलामीसाठी मुलांना या वाटेस लावू नका. हजारांतील शेकडो हुशार मुले यादीबाहेर राहतात, त्यात त्यांचा कमीपणा नाही. दिल्लीच्या कोंदट खोल्यांत सहा-सहा उन्हाळे काढून तिशीत रिकाम्या हाताने परतलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना घरी कुणी विचारत नाही, याचे दुःख परीक्षेतील अपयशाहून मोठे असते. म्हणून किती वर्षे द्यावयाची हे आधीच ठरवा, आणि हाती दुसरी विद्या असू द्या. राज्यसेवेतून पोलीस उपअधीक्षक होता येते आणि भारतीय पोलीस सेवेच्या सुमारे एकतृतीयांश वरिष्ठ जागा अशा बढतीनेच भरतात, हेही ध्यानात ठेवा.

मुलीने ही इच्छा बोलून दाखविली तर तिला प्रथम तिचे लग्न आठवून देऊ नका. किरण बेदी १९७२ साली या सेवेत आल्या, त्याला अर्धशतक उलटून गेले. आपल्या घरातून एक जरी सरळ मनाचा अधिकारी कुठल्या तरी अनोळखी जिल्ह्यात गेला, तर तेथील गरिबाला ठाण्याची पायरी चढताना भीती थोडी कमी वाटेल. ज्या घरांनी एके काळी परगणे राखले, त्यांनी एवढे दान द्यावयास कचरू नये.