मजुरीस मजुरीच म्हणावें

कष्टाच्या मोबदल्यास आपल्या भाषेंत नांवें पुष्कळ आहेत. कारकुनास पगार, शिक्षकास वेतन, गवयास बिदागी, भटजीस दक्षिणा, संस्थेच्या चिटणीसास मानधन, आणि शेतांत राबणाऱ्यास रोज किंवा मजुरी. पैसा एकच; परंतु घेणाऱ्याची पायरी पाहून आपण त्याचें नांव बदलतों. वस्तुतः ‘पगार’ हा पोर्तुगीज शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘देणें चुकविणें’ इतकाच आहे. ‘मुशाहिरा’ या अरबी शब्दांत महिना आहे, तर ‘रोज’ या फारशी शब्दांत दिवस. यांत उंच-नीच कोठेंच नाहीं. ती आपण घातली.

शब्दांनीं काय होतें, असें कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. कागदावर कोणता शब्द पडला यावर माणसाचा दावा टिकतो किंवा बुडतो, हें त्यानें अनेकदां पाहिलें आहे.

आपल्याच वह्या पाहा. पाडव्यास सालगडी ठेवतांना आपण त्यास उचल देतों. ती ठरलेल्या मजुरीचाच आगाऊ भाग असते. परंतु वहींत ती कर्जाप्रमाणें त्याच्या नांवें पडते. पुढें खाडे तत्परतेनें लिहिले जातात. केलेल्या कामाची मजुरी मात्र महिन्याचे महिन्यास जमा होत नाहीं. मग वर्षअखेर राबणाराच देणेकरी ठरतो. ठरावांतील धान्यहि ‘दिलें’ म्हणून, जणूं मेहेरबानीखातर, लिहिलें जातें. तसेंच खुरपणीस ‘हलकें काम’ म्हणावयाचें, आणि त्या नांवाखालीं बाईचा रोज कमी लावावयाचा. दिवसभर वाकून खुरपें चालविणें ज्यास हलकें वाटतें, त्यानें तें एक दिवस चालवून पाहावें. समान कामास समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालींच झाला आहे.

अर्थात् नुसता चांगला शब्दहि पुरत नाहीं. जुन्या गांवगाड्यांत बलुत्यास ‘हक्क’ म्हणत. परंतु त्या हक्कासाठींहि खळ्यावर हात पसरावा लागे. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत महार वतनाविषयीं बिल आणलें, तें याच दुःखासाठीं. पुढें १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगार वतनें रद्द झालीं. नांव हक्काचें आणि रीत याचनेची, असें असूं नये, हा त्यांतील बोध.

म्हणून सभासदांस सूचना अशी कीं, प्रत्येकानें हजेरीच्या वहींत तीन रकाने आंखावे: झालेली मजुरी, उचलीसह पोंचलेली रक्कम, आणि बाकी. महिन्यास ती वही गड्यास वाचून दाखवावी व त्याची एक नक्कल त्याचे हातीं द्यावी. यांत धन्याचाहि लाभ आहे. हिशेब उघडा असला म्हणजे तंटा राहत नाहीं, आणि चांगला गडी टिकतो.

हंगाम हातचा गेला असतां मजुरी वेळेवर देणें किती कठीण, हें लेखकास ठाऊक आहे. परंतु अडचण असेल तर ‘बाकी’ असें लिहावें. तिला दुसरें नांव देऊं नये. मालाचा भाव ठरवितांना आमच्या घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत खर्चांत धरा, असें आपण सरकारास सांगतों, आणि तें रास्तच आहे. मात्र जो स्वतःच्या घामाचा हिशेब मागतो, त्याच्या वहींत दुसऱ्याच्या घामाचा हिशेब चोख असलाच पाहिजे.