लिलाव, पुरस्कार आणि सात हजार रुपये

मंडळी, आधीच सांगून टाकतो. आपण क्रिकेटचे फॅन आहोत. लिलाव चालू असला की हातातली बातमी अर्धा तास उशिरा जाते, हे आमच्या सगळ्या दोस्तांना माहीत आहे. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते क्रिकेटवरचा राग म्हणून वाचू नका.

आयपीएलचे सामने नसतात तेव्हाचा सीझन मला कधी कधी खऱ्या सीझनपेक्षा भारी वाटतो. मैदानात कोण नाही, आकडे मात्र स्टेडियमबाहेर. १६ डिसेंबरला अबुधाबीत लिलाव झाला. कॅमेरॉन ग्रीनला कोलकात्यानं २५ कोटी २० लाखाला घेतला. आता साखळीत सामने १४. गडी सगळे खेळला तर एका सामन्याचे झाले १ कोटी ८० लाख. शून्यावर आउट झाला तरी तेवढेच. अर्थात नियमाप्रमाणं त्याच्या हातात १८ कोटीच पडणार, वरचे ७ कोटी २० लाख बीसीसीआयच्या खेळाडू कल्याणात जमा. म्हणजे कल्याण कुणाचं ना कुणाचं होणारच.

त्याच लिलावात कार्तिक शर्मा आणि प्रशांत वीर या भारताकडून एकही सामना न खेळलेल्या दोन पोरांना चेन्नईनं प्रत्येकी १४ कोटी २० लाख दिले. पोरांचं अभिनंदनच. आणि पृथ्वी शॉ? आदल्या वर्षी कुणी घेतला नव्हता, यंदाही आधी न विकलेल्यांत गेला आणि शेवटी दिल्लीनं ७५ लाखाला उचलला. बाजाराला कालचं फार आठवत नाही, हे कांद्याच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता आपल्या स्मृतीकडं येऊ. माधवनगर आमच्या कुपवाडपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं 'आपली' म्हणायचा हक्क आहे. २०२३ ला महिलांच्या पहिल्याच लिलावात बंगळुरूनं तिला ३ कोटी ४० लाखाला घेतलं, तेव्हा ती सगळ्यात महागडी होती. यंदा तिला साडेतीन कोटीला राखली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारतानं विश्वचषक जिंकला, त्या स्पर्धेत तिच्या ४३४ धावा. पण महिलांच्या एका आख्ख्या संघाला पैसे किती? १५ कोटी. म्हणजे एकट्या ग्रीनच्या बोलीत एक पूर्ण महिला संघ येतो आणि वर दहा कोटी सुट्टे राहतात.

कुणी म्हणेल, बाजार आहे, मालक स्वतःचा पैसा लावतात, तुमच्या पोटात का दुखतं? बरोबर आहे. दुखत नाही. उलट लिलावानं भलंही केलंय. २०१४ ला प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले तेव्हा सगळे डोळे चोळत होते. २०२५ ला इराणच्या शादलूला २ कोटी २३ लाख मिळाले. मातीतल्या खेळाला हा भाव आला, चांगलंच झालं.

माझा प्रश्न मालकांच्या पैशाचा नाही, आपल्या पैशाचा आणि आपल्या मानसन्मानाचा आहे.

विश्वचषक जिंकल्यावर बीसीसीआयनं संघाला ५१ कोटी जाहीर केले. राज्य सरकारनं स्मृती, जेमिमा आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले. दिलेच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिशेब बघा. देशांतर्गत सामने खेळणाऱ्या सीनियर मुलींना गेल्या महिन्यापर्यंत दिवसाला २० हजार मिळत होते. विश्वचषक आल्यावर ते ५० हजार झाले. म्हणजे आधी वरच्यांनी जग जिंकायचं, मग खालच्यांचं मानधन वाढणार. आणि सांगलीतली पोरगी तिथपर्यंत पोचली ती कुणाच्या जिवावर? वडील आणि भाऊ जिल्ह्याकडून खेळलेले, घरात क्रिकेट, आणि शिकवायला अनंत तांबवेकरांसारखे प्रशिक्षक. पहिली बोली घरानं आणि गुरूनं लावली. सरकार शेवटी आलं, हार घेऊन.

सन्मानाचं तर त्याहून अवघड. येत्या गुरुवारी, १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जन्माला शंभर वर्षं होतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ ला हेलसिंकीत कांस्य जिंकला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. खाशाबांना जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ ला. खाशाबा अपघातात गेले १९८४ ला. त्यांना अर्जुन मिळाला २००० सालचा, मरणोत्तर. पद्म आजपर्यंत नाही. कारण सांगतात की पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत. अहो, पद्म पुरस्कार १९५४ पासून आहेत. त्यानंतर हा माणूस तीस वर्षं जिवंत होता, पोलीस खात्यात नोकरी करत होता, पत्ता सरकारलाच ठाऊक होता! सांगलीतच जन्मलेल्या विजय हजारेंना १९६० ला पद्मश्री मिळाली, तीही योग्यच. आणि मरणोत्तर द्यायचंच ठरवलं तर देता येतं. गेल्याच वर्षी मनोहर जोशींना पद्मभूषण दिलं की.

कवठेपिरानच्या मारुती मानेंचं तेच. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि ध्यानचंद पुरस्कार २००५ ला. त्रेचाळीस वर्षं. तेवढ्यात पैलवानाचा नातू आखाड्यात उतरतो.

आता सांगा, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी किती जणांना ओळखू येतो? पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य, १६.३२ मीटर. त्याला अर्जुन वेळेत मिळाला, तेवढी सुधारणा मान्य. पण आपल्या गावातल्या दहा पोरांना ग्रीनची बोली विचारा आणि खिलारीची फेक विचारा. उत्तर मला माहीत आहे, तुम्हालाही.

हे सगळं आत्ता का लिहितोय? कारण १५ जानेवारी हा फक्त खाशाबांचा जन्मदिवस आणि राज्य क्रीडा दिन नाही. त्याच दिवशी आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं मतदान आहे. २०२३ पासून प्रशासक होता, आता ७८ नगरसेवक निवडायचे आहेत. आणि गेले दोन महिने आपल्याकडंही लिलावच चालू होता की! कुणाला रिटेन केलं, कुणाला रिलीज केलं, कोण ऐनवेळी दुसऱ्या संघातून आला. जर्सी बदलली, खेळाडू तेच.

तर यंदा दारात उमेदवार आला की रस्ता-गटार-पाण्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. एक, आपल्या प्रभागातल्या आरक्षित मैदानांच्या जागा कुठं आहेत आणि आज त्यांच्यावर काय उभं आहे? दोन, महापालिकेच्या बजेटमध्ये खेळासाठी किती रक्कम धरली आणि त्यातली सत्कार, फ्लेक्स, मंडप सोडून पोरांवर किती खर्च झाली? तीन, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाच्या पोरीला संध्याकाळी सरावाला जायचं असेल तर लाइट, स्वच्छतागृह आणि प्रशिक्षक असलेलं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे का?

उत्तर मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. पाच वर्षांनी कामाला येईल.

बारा वर्षाच्या पोरावर बोली लावायला अबुधाबीत कुणी बसत नाही, ते त्यांचं कामही नाही. ते काम खर्डेकर सरांनी केलं होतं, घर गहाण ठेवून. महापालिकेला घर गहाण ठेवायचं नाहीय. आपण भरलेल्या घरपट्टीतले थोडे पैसे वेळेवर खर्च करायचे आहेत. विजयाची मिरवणूक निघाली की त्यात फेटा बांधून पुढं चालायला सगळ्या पक्षांची माणसं तयार असतात, तो अनुभव आपल्याला आहे.

बाकी शुक्रवारी महिलांची लीग सुरू होतेय, पहिलीच मॅच मुंबई विरुद्ध बंगळुरू. स्मृती कॅप्टन. संध्याकाळी प्रचाराला येणाऱ्यांनी जरा लवकर यावं, नंतर दार उघडणार नाही.