आधी वही, मग कॅमेरा

शॉर्टफिल्म करायची ठरली की आमच्या वाशीतली मुलं आधी कॅमेऱ्याचं भाडं विचारतात. माझं मत उलटं आहे. हातातला फोन पुरतो, कमी पडते ती वही.

मालेगाव बघा. यंत्रमागांच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला. पुढे त्यांचा 'मालेगाव का सुपरमॅन' बनत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. त्यातली बैलगाडीची क्रेन आणि सायकलची ट्रॉली पाहून लोक हसतात. पण कॅमेरा कुठून कुठे जायचा हे डोक्यात पक्कं होतं, म्हणून तर बैलगाडी सुचली!

तेव्हा पहिली फिल्म तीन मिनिटांचीच धरा. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं. दोन-तीन पात्रं, दोन जागा, आणि प्रत्येक शॉट वहीत: कोण, कुठे, किती वाजता. भर दुपारचं ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं. असर ते मगरिबमधला उजेड फुकट मिळतो.

आवाजाकडे मात्र कुणीच लक्ष देत नाही. वाशीत लोकल, रिक्षा, एपीएमसीचे ट्रक. चित्र थोडं हललं तर प्रेक्षक चालवून घेतो, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो. दुसरा फोन पात्राच्या खिशात रेकॉर्डिंगला लावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर जुळवायला सोपं जातं. अजान सुरू झाली की थांबा. अदब आहेच, शिवाय शॉट जोडताना ती मध्येच तुटते आणि कानाला खटकते.

माझी खरी तक्रार संवादांबद्दल आहे. घरी अम्मीशी कोकणी मराठीत बोलणारा पोरगा स्क्रिप्टमध्ये एकदम 'अब्बाजान, इजाजत दीजिए' म्हणतो. हिंदी सिनेमाने रंगवलेल्या मुसलमानाची नक्कल आपणच का करायची? मालेगावकरांनी गोष्ट 'शोले'ची घेतली, पण बोली गावचीच ठेवली. तुमच्या जेवणाच्या वेळची भाषा जशीच्या तशी लिहून काढा, उर्दू-मराठी मिसळली तर मिसळू द्या.

मालेगावची एक गोष्ट मात्र उचलू नका. तिथे नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. वर्गातल्या मुलींना विचारा तरी. पडद्यावर यायला घरून नाही म्हणाले, तर कॅमेरा त्यांच्या हातात द्या. मालेगावची ही सगळी धडपड जगाला दाखवली तीही एका बाईनेच.