बाग लवकर हवी, पण घाईची नको

द्रोणागिरीत राहायला यायचे ठरले तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी दोनच गोष्टी ऐकवल्या होत्या: अटल सेतू आणि उरण लोकल. दोन्हींचे उद्घाटन एकाच दिवशी, 12 जानेवारी 2024 रोजी झाले. 21.8 किलोमीटरचा पूल सहा वर्षांच्या आत उभा राहतो, याचा एक इंजिनियर म्हणून मला आनंदच आहे. पण पाच वर्षांच्या मुलीला पूल दाखवून काय होणार? तिचा प्रश्न एकच असतो, "अब्बा, झोपाळ्यावर कधी जायचं?"

हा प्रश्न तिने आम्ही आधी राहत होतो त्या शहरातही विचारला होता. तिथे घरासमोरच्या बागेचे काम निघाले आणि चारी बाजूंनी निळे पत्रे लागले. दोन पावसाळे गेले. झोपाळे बसले, घसरगुंडी बसली, फरशा आणि दिवे लागले, तरी फाटकाला कुलूप. वॉचमनला विचारले तर म्हणाला, "साहेब, काम झालंय. पाहुण्यांची तारीख मिळत नाही." मुले पत्र्याच्या फटीतून झोपाळे बघत उभी राहायची. जनतेच्या पैशाने बांधलेली बाग जनतेला फटीतून बघावी लागते, याचा राग मला अजून आहे.

म्हणून 'बागांची कामे वेगाने करा' ही मागणी माझीही आहे. फक्त वेग कुठे वाढवायचा, हे आधी ठरवले पाहिजे.

सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय लागते. काम लांबले की कोणाला ओरडण्याआधी वेळ कुठे गेला ते कागदावर मांडायचे. बहुतेक वेळा प्रत्यक्ष कामाचे दिवस थोडे निघतात आणि थांबण्याचे जास्त. बागेचेही तसेच आहे. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, बिले, या प्रत्येक पायरीवर फाइल कोणाच्या तरी टेबलावर थांबते. निविदेत मुदत 'पावसाळा वगळून' असते, आणि कार्यादेश मे महिन्यात निघाला तर सुरुवातच ऑक्टोबरात होते. बांधकाम, वीज आणि झाडे यांच्या निविदा वेगवेगळ्या निघाल्या तर एकाचे संपेपर्यंत दुसरा बसून राहतो. शेवटी पाहुण्यांची तारीख आहेच. हा सगळा थांबण्याचा वेळ कापला तर कोणाचेही नुकसान नाही.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. कार्यादेश दिवाळीआधी द्यावा, म्हणजे कोरडे महिने हाती लागतात आणि रोपे पहिल्या पावसात जमिनीत जातात. फाटकावर फलक हवा: ठेकेदार कोण, रक्कम किती, सुरुवात कधी, मुदत कधी, आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणत्या तारखेपर्यंत त्याच्यावर. आणि सर्वात महत्त्वाचे, बाग टप्प्याटप्प्याने उघडावी. चालायची वाट, पिण्याचे पाणी, दिवे आणि बायकांसाठी स्वच्छतागृह एवढे झाले की फाटक उघडा. कारंजे, पुतळा, सेल्फी पॉइंट मागाहून होऊ दे. उद्घाटन उघड्या बागेतही करता येते.

पण काही वेळ कापता येत नाही. काँक्रीट 28 दिवस मागते, मग मंत्री कोणीही असो. द्रोणागिरीसारख्या खाडीकाठच्या भरावावर माती बसायच्या आत फरशा टाकल्या तर दोन पावसांत त्या खचणार. झाडांना तर घाई कळतच नाही. धारावीलगतचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचऱ्याचा डेपो होते. तिथे पहिले रोप पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते 1983 साली लागले आणि लोकांसाठी उद्यान खुले झाले 1994 साली. मधली अकरा वर्षे वाया गेली असे आज तिथल्या सावलीत उभे राहून कोणी म्हणणार नाही.

कायद्याने दिलेला वेळही असाच आहे. महाराष्ट्रात विकास आराखड्यातील आरक्षणात फेरबदल करायचा तर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी नागरिकांना एक महिना मिळतो. झाड तोडायचे तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. 'काम जलद करायचे आहे' असे म्हणून हेच दिवस गिळले जातात तेव्हा सावध व्हायला हवे.

लखनऊच्या अमीनाबादचे उदाहरण आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. स्वातंत्र्यलढ्यातल्या झेंडावंदनाची आठवण सांगणाऱ्या तिथल्या झंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधायचे काम नगर महापालिकेने निविदा न काढताच एका बिल्डरला दिले. वेळ नक्कीच वाचला. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1999 साली न्यायालयाने बांधकाम काढून पार्क पूर्ववत करण्याचा आदेश दिला. त्याआधी 1991 साली बंगळूरच्या एका वसाहतीत बागेची जागा खासगी नर्सिंग होमला देण्याचा निर्णय याच न्यायालयाने रद्द ठरवला होता. तिथे लढले ते साधे रहिवासी होते. आपल्याजवळ, घणसोलीत, 2003 पासून शासकीय क्रीडा संकुलासाठी राखलेली 20 एकर जागा होती. 2021 साली संकुल शंभराहून अधिक किलोमीटर दूर, माणगाव तालुक्यात न्यायचे ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 साली तो निर्णय रद्द केला.

द्रोणागिरीसाठी हे दूरचे किस्से नाहीत. पाणजे येथील सुमारे 289 हेक्टर पाणथळ आपल्या दाराशी आहे. थंडीत तिथे पक्षी उतरतात आणि भरतीचे पाणीही तिथेच मावते. ते अडवल्याच्या तक्रारी हरित लवादापर्यंत गेल्या आहेत. उद्या 'सुशोभीकरणा'च्या नावाखाली तिथे भराव पडला, तर पावसाळ्यात पाणी आपल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये येईल.

हे बोलायचे कोणाकडे, हीच आपली मुख्य अडचण आहे. पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झाली. तिथल्या माणसाला निदान नगरसेवकाचे दार ठोठावता येते. द्रोणागिरीचे नियोजन सिडकोकडे आहे आणि सिडकोत आपण निवडून दिलेला कोणी बसत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तिच्यात बागा आणि मैदाने नगरपालिकांच्या विषयांत स्पष्ट नोंदवली आहेत. पण वॉर्डच नसेल तर ती नोंद आपल्या काय कामाची? तोवर हातात आहे तो माहितीचा अधिकार. दहा रुपये आणि एक अर्ज. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

काही मित्र विचारतील, आपल्या चळवळीच्या अंकात बाग कशाला? मला वाटते, नेमकी इथेच हवी. मुस्लिम वस्त्यांतल्या नागरी सोयींची कमतरता सच्चर समितीने 2006 साली नोंदवली. आपण मात्र शासनाकडे जातो ते बहुधा कब्रस्तानाच्या जागेसाठी. तीही गरज खरीच, पण जिवंत माणसाला बसायला जागा मागणेही आपले काम आहे. तरुण मुले नाक्यावर उभी राहिली तर संशय, घरात बसली तर मोबाइल. आमच्या घरातल्या बायकांना संध्याकाळी अर्धा तास निवांत चालायला बाग सोडून दुसरी कोणती जागा आहे? शिवाय बाग ही अशी जागा आहे जिथे आगरी आजी, मराठवाड्यातून आलेले कुटुंब आणि बुरख्यातली माझी आई एकाच बाकावर बसू शकतात. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो.

घरात अम्मी सांगायची, जल्दी का काम शैतान का. घाटातल्या पाटीवर लिहिलेले असते, अति घाई संकटात नेई. पण फाइल दाबून ठेवायला या दोघींनीही सांगितलेले नाही. आपल्या सेक्टरमधल्या बागेच्या भूखंडाची एक यादी करू या, प्रत्येकासमोर आजची स्थिती आणि पुढची तारीख लिहू या आणि दर महिन्याला ती तपासू या. पहिला अर्ज मी लिहायला घेतला आहे. दुसरा कोण लिहितो?